माजी सैनिक आणि पीटीएसडी: इंदूर-महूकडून नेहमी येणारे प्रश्न

महूची लष्करी छावणी इतकी जवळ असल्यामुळे इंदूरच्या कुठल्याही मराठी कॉलनीत एखादे तरी रिटायर्ड सुभेदार साहेब नाहीतर हवालदार काका असतातच, आणि त्यांच्या घरून हे प्रश्न वर्षभर येत राहतात. जास्त करून बायकांकडून आणि सुनांकडून, पण मंडळाच्या पोरांकडून आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही. तीच उत्तरं परत परत टाइप करण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलीत. मी डॉक्टर नाही, फौजी घरातली आहे आणि अशा घरांमध्ये माझी ऊठबस आहे. आजार आहे की नाही ते डॉक्टरच ठरवणार.

१. पीटीएसडी म्हणजे नेमकं काय? साध्या टेन्शनपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

पूर्ण नाव पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. जीवावर बेतलेला प्रसंग माणसाने स्वतः भोगला किंवा डोळ्यांसमोर पाहिला, आणि त्यानंतर महिनाभरापेक्षा जास्त काळ चार प्रकारचा त्रास चालू राहिला तर डॉक्टर पीटीएसडीचा विचार करतात. प्रसंग स्वप्नात नाहीतर जागेपणी परत परत येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी, जागा, माणसं टाळणं, मन बधिर होणं किंवा स्वतःलाच दोष देत राहणं, आणि अंग चोवीस तास सावध असणं. टेन्शनचं कारण गेलं की टेन्शन उतरतं, इथे धोका संपून वर्षं झाली तरी शरीराला ते पटलेलंच नसतं. घरात हे दिसतं ते असं: हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करूनच बसणार, रात्री तीनदा कुलूप बघणार, नातवाने फुगा फोडला की एकदम अंगावर जाणार आणि मग दोन तास गच्चीवर एकटे. हा स्वभाव नाही आणि कमजोरीही नाही.

२. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा काही नव्हतं, आता कसं सुरू झालं?

खूपदा असंच होतं. नोकरीत असताना सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत दिवस बांधलेला असतो, आजूबाजूला त्याच अनुभवातले लोक असतात, विचार करायला वेळच नसतो. मग रिटायरमेंट येते, बँकेतली नाहीतर मॉलमधली गार्डची नोकरीही सुटते, मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला जातात, एखादा जुना साथी वारल्याचा फोन येतो, आणि दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. कारगिलला म्हणजे 1999 मध्ये जो पंचवीसचा होता तो आज पन्नाशीच्या पुढे आहे, श्रीलंकेत 1987 ते 90 मध्ये आयपीकेएफमध्ये, म्हणजे भारतीय शांती सेनेत, गेलेले साठीच्या घरात किंवा पुढे. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या सुरू झाल्या की त्या आठवड्यात माझ्याकडे फोन वाढतात. बातम्या बंद करा असं नाही म्हणत, पण दिवसभर ते चॅनल चालू असेल तर रिमोट कोणाकडे आहे ते बघा.

३. आमचे हे तर लढाईत गेलेच नाहीत, ड्रायव्हर होते. त्यांना कसा होईल?

गाडी दरीत गेलेली पाहिली असेल, हिमस्खलनात गाडलेली माणसं काढली असतील, पुरात प्रेतं उचलली असतील. नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर, सिग्नलवाले यांनाही होतो. आणि कधी कधी भीतीपेक्षा अपराधाची भावना मोठी असते, "ड्यूटी माझी होती, माझ्या जागी तो गेला." ही गोष्ट ते पीटीएसडीच्या यादीतल्या प्रश्नांत सांगतच नाहीत कारण कोणी तशी विचारत नाही. उलट हेही लक्षात ठेवा की युद्ध पाहिलेल्या बहुतेकांना पीटीएसडी होत नाही, त्यामुळे प्रत्येक चिडक्या फौजी काकांवर हा शिक्का मारत फिरू नका.

४. हे काही बोलतच नाहीत. बोलतं कसं करायचं?

करू नका. हे वाचून लोक नाराज होतात, पण "मन मोकळं करा, बरं वाटेल" हा सल्ला इथे सरसकट चालत नाही. प्रसंग खोलात जाऊन सांगणं हे उपचारात केलं जातं, शिकलेल्या माणसासोबत, ठरवून, हळूहळू (प्रश्न १० बघा). जेवणाच्या ताटावर चार नातेवाइकांसमोर खोदून विचारलं तर पुढचे दोन दिवस झोप जाते, बस.

आजच्याबद्दल विचारा. "रात्री झोप लागली का?" "आज बाजारात जायचं का, की मी एकटी जाऊन येऊ?" असं. स्वतःहून काही बोलले तर ऐका, मध्ये "अहो पण तुमची काय चूक" म्हणून घाई करू नका, आणि दुसऱ्या दिवशी तो विषय परत काढू नका. आमच्या ओळखीत एक काकू आहेत, त्या रोज संध्याकाळी नवऱ्यासोबत बागेत तीन चकरा मारतात आणि मधे एक शब्द नाही. ते काका आता त्यांना न सांगता एकटे कुठे निघून जात नाहीत, मला तर हेच खूप वाटतं.

५. झोपेत ओरडतात, एकदा मला हात लागला. काय करू?

झोपेतल्या माणसाला हात लावून उठवू नका, अजिबात नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, लाइट लावून, नावाने हाक मारा आणि सांगा की घरी आहात, इंदूरला आहात, मी अमुक आहे. जागे झाल्यावर लगेच मिठी नको, पाणी द्या. दिवसा तसं झालं, म्हणजे नजर कुठेतरी भलतीकडे आणि आपण बोलतोय ते ऐकूच येत नाही असं, तर पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तू मोजायला सांगा, थंड पाणी हातावर घ्यायला सांगा. वेगळं झोपायचं ठरवलं तर त्यात लाज कसली, फक्त दिवसा, शांतपणे, दोघांनी मिळून ठरवा, रात्रीच्या प्रसंगानंतर रागाने उशी उचलून जाऊ नका. घोरतात का आणि झोपेत श्वास अडकतो का हेही डॉक्टरांना सांगा, कारण स्लीप अॅप्निया असला तर त्यानेही रात्री खराब होतात आणि त्याचा इलाज वेगळा आहे. आणि जागेपणी, शुद्धीत मारहाण होत असेल तर ती मारहाणच, आजाराचं नाव देऊन सहन करायची नाही. 181 महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

६. दिवाळी, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), हे दिवस कसे काढायचे?

आपल्या शहरात सण म्हणजे आवाज, त्याला काय करणार. गेरीला राजवाड्यावर ती गर्दी, मशीनमधून उडणारा रंग, पळायला जागा नाही. झांक्या रात्रभर, सोबत आखाडे आणि ढोल.

पण ढोल वाजतोय यापेक्षा तो कधी वाजेल हे माहीत नसणं जास्त त्रास देतं. म्हणून आधी सांगा. शेजारच्या पोरांना गाठा आणि म्हणा, बाबांनो सुतळी बॉम्ब लावणार असाल तर किती वाजता ते सांगा, आणि आमच्या गेटपाशी नको. बहुतेक पोरं ऐकतात, खरंच ऐकतात, त्यांना कोणी कारण सांगितलेलं नसतं. मंडळवाल्यांनी डीजेची वेळ आणि मिरवणुकीचा रस्ता एक दिवस आधी कॉलनीच्या ग्रुपवर टाकावा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम सन 2000 पासून आहेच, सणाच्या ठरावीक रात्री शासन बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढी सोडून बाकी दिवस तरी पाळा.

घरच्यांनी काकांनाच विचारावं: थांबायचंय, खिडक्या लावून आतल्या खोलीत बसायचंय, की दोन दिवस गावाबाहेर जायचंय? काहींना पोरांसोबत स्वतः फटाका लावायला आवडतो, वात आपल्या हातात असली की दचकायला होत नाही. आणि दर वर्षी पळूनच जायचं असंही करू नका, टाळणं वाढत गेलं की आजार घट्ट होतो. किती टाळायचं आणि किती झेपवायचं ते उपचार करणाऱ्यासोबत ठरवा.

७. 26 जानेवारीला आणि कारगिल दिवसाला मंडळ त्यांचा सत्कार करू इच्छितं. करावा का?

आधी विचारा, एकट्यात, आणि "नाही" म्हणायला जागा ठेवून. "काका तुम्हाला यावंच लागेल" असं चार जणांनी घरी येऊन म्हटल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही आणि मग शाल-श्रीफळ घेताना त्याच्या डोळ्यांसमोर जो परत आला नाही तो असतो. माइक हातात देऊन "एखादा थरारक प्रसंग सांगा" हे तर कृपा करून बंद करा. "किती मारले?" विचारणारा एक तरी शहाणा प्रत्येक कार्यक्रमात असतोच, त्याला आधीच बाजूला घ्यावं.

मला विचाराल तर सत्कारापेक्षा काम द्या. गणपतीत रस्त्याची आणि पार्किंगची व्यवस्था, शाळेतल्या पोरांची सकाळची दौड, कॉलनीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब, असलं काम फौजी माणूस इतकं चोख करतो की बघत राहावं. वेळ ठरलेली, जबाबदारी ठरलेली, कोणाशी भावनिक बोलायची गरज नाही. पुढच्या दहा सत्कारांनी जे होणार नाही ते एका सीझनच्या टँकरच्या रजिस्टरने होतं. एखाद्या दिवशी आले नाहीत तर चौकशीला एकानेच जा, पूर्ण कार्यकारिणी नको.

८. फौजी कॅन्टीनची दारू येते, ती लपवून ठेवू का?

लपवल्याने भांडण होईल, दारू सुटणार नाही. बरेच जण झोपेसाठी घेतात, आणि पहिले दोन तास झोप लागतेही, पण नंतरची झोप तुटते आणि स्वप्नं वाढतात. रोज आणि बरीच पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर हात थरथरणं, भास, फिट्स असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत. "आधी दारू सोडा मग पीटीएसडी बघू" म्हणणारा डॉक्टर भेटला तर दुसरा बघा, दोन्हींवर एकत्र इलाज करता येतो.

९. दाखवायचं कुठे? कुठलं कार्ड चालतं?

पेन्शनर आहेत आणि ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे तर आधी त्यांचं पॉलिक्लिनिक. इंदूर आणि महू, दोन्हीकडे आहे. तिथला डॉक्टर महूच्या मिलिटरी हॉस्पिटलला किंवा पॅनलवरच्या खाजगी हॉस्पिटलला रेफर करतो. रेफरलशिवाय गेलात तर बिल अडकू शकतं, मुख्य अपवाद इमर्जन्सीचा. इमर्जन्सीत पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा कारण ऐनवेळी कोणालाच आठवत नाही.

कार्ड नसेल तर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगा म्हटलं की घरचे "वेड्यांचं हॉस्पिटल" म्हणून नाक मुरडतात, पण तिथे रोज झोपेचे, दारूचे, घाबरण्याचे पेशंट येऊन औषध घेऊन घरी जातात.

बाहेर पडायचंच नसेल तर फोन: टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचाच एक वेगळा सेल डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (लष्करी मेडिकल कॉलेजात) सुरू झालाय. हा फोन बायको किंवा मुलगाही करू शकतो.

१०. उपचारात करतात काय? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का?

बोलण्याचे उपचार आधी, गोळ्या त्याच्या जोडीला किंवा तसा थेरपिस्ट मिळत नसेल तेव्हा. प्रोलाँग्ड एक्स्पोजर, सीपीटी आणि ईएमडीआर ही अशा उपचारांची तीन नावं लक्षात ठेवा आणि थेरपिस्टला सरळ विचारा, यातलं काही शिकलाय का? आठवड्याला एक धरलं तर साधारण आठ ते पंधरा बैठका. सुरुवातीच्या बैठकांनंतर दोन-चार दिवस त्रास वाढल्यासारखा वाटतो, बरेच जण तिथेच सोडतात, तेव्हा घरच्यांनी हे आधीच माहीत करून ठेवावं. व्हिडिओ कॉलवरही हे होतं, म्हणजे इंदूरला माणूस नसला तर पुण्या-मुंबईचा मराठी बोलणारा थेरपिस्ट चालेल.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन या जास्त दिल्या जातात. असर दिसायला चार-सहा आठवडे लागतात, सवय लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. जन्मभर घ्याव्या लागतीलच असं नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची गोष्ट वेगळी, त्यांनी त्या रात्री झोप येते पण पीटीएसडी बरा होत नाही, सवय लागते, आणि दारूसोबत तर धोका. मेडिकलवाल्या भाऊंनो, जुनी चिठ्ठी दाखवून कोणी मागत असेल तर देऊ नका.

११. डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत. "मी काय वेडा आहे का?" म्हणतात.

पीटीएसडी शब्द बाजूला ठेवा. झोप, बीपी, गुडघे, अॅसिडिटी, यातलं जे त्यांना स्वतःला खुपतं त्यासाठी न्या आणि डॉक्टरांना आधी फोन करून बाकीचं सांगून ठेवा. फसवून मात्र नेऊ नका. "चला, मॉलला जाऊ" म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात गाडी उभी केली तर पुढची पाच वर्षं विश्वास गेला. दुसऱ्या फौजीचा शब्द चालतो, तेव्हा त्याच युनिटचा नाहीतर त्याच रेजिमेंटचा कोणी उपचार घेऊन बरा झालेला असेल तर त्याला चहाला बोलवा. जबरदस्तीने अॅडमिट करण्याचे नियम 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहेत, जिवाला धोका वगैरे असेल तेव्हाच आणि ठरावीक मुदतीपुरतं, नुसतं ऐकत नाहीत म्हणून नाही.

१२. मी जीपी आहे (फिजिओ आहे, डेंटिस्ट आहे). माझ्या क्लिनिकमध्ये काय बदलू?

नवीन पेशंटच्या फॉर्ममध्ये "फौज, पोलीस किंवा अर्धसैनिक दलात होतात का?" एवढी एक ओळ घाला, निम्मं काम होतं. नंबर यायला किती वेळ लागेल ते रिसेप्शनवरच्या मुलीने सांगावं आणि दार दिसेल अशी खुर्ची द्यावी. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. डेंटिस्टच्या खुर्चीत आडवं पडून तोंड उघडं आणि वर लाइट, ही अवस्था काहींना असह्य होते, तेव्हा हात वर केला की थांबायचं असा इशारा ठरवा. एमआरआयचा आवाज आधी ऐकवा. ऑपरेशन असेल तर अॅनेस्थेशियावाल्यांना आवर्जून कळवा, शुद्धीवर येताना काही जण घाबरून हातपाय झाडतात, तिथे दोन वॉर्डबॉयनी दाबून धरलं की आणखी चिघळतं.

पीसी-पीटीएसडी-5 म्हणून पाच हो-नाही प्रश्नांची चाचणी आहे, दोन मिनिटं लागतात. तीन-चार उत्तरं "हो" आली तर पुढे पाठवा, निदान तिथेच लिहून टाकू नका. आणि हे प्रश्न बायको-मुलांसमोर विचारू नका.

१३. उपचार घेतले तर पेन्शन जाईल का? नाव खराब होईल? डिसॅबिलिटी पेन्शन मिळेल का?

उपचार घेतले म्हणून सर्व्हिस पेन्शन जात नाही. माहिती गुप्त ठेवणं हे वर सांगितलेल्या 2017 च्या कायद्याने डॉक्टरवर बंधनकारक आहे.

डिसॅबिलिटी पेन्शन किचकट आहे. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला हे मान्य व्हावं लागतं. धरमवीर सिंह केसमध्ये 2013 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं साधारण धरलं जावं, पण नियम नंतर 2023 मध्ये बदललेत, आणि तुम्हाला कुठला नियम लागेल ते नोकरी कधी सुटली त्यावर अवलंबून. डिस्चार्ज बुक, रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद आणि आत्ताचे उपचाराचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाकारलं तर अपील, मग आपल्यासाठी सशस्त्र बल न्यायाधिकरणाचं जबलपूर बेंच. एजंटला पैसे देऊ नका.

१४. मरायच्या गोष्टी करतात आणि घरात लायसन्सची बंदूक आहे.

हा प्रश्न आला की मी बाकी सगळं सोडून आधी फोन करते. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बरेच जण सुटल्यासारखे बोलतात. बंदूक घराबाहेर गेली पाहिजे, आज. पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या शस्त्र डीलरकडे जमा करता येते, निवडणुकीच्या वेळी लोक करतातच, त्यामुळे कारण सांगताना संकोच नको. स्वतः उचलून नेऊ नका, लायसन्स तुमच्या नावावर नाही. शक्यतो त्यांनाच म्हणा, "तुम्ही जरा बरे होईपर्यंत ठाण्यात ठेवू या, मी सोबत येते." तयार नसतील तर ठाण्याला फोन करा. गार्डची नोकरी असेल तर बिनबंदुकीची ड्यूटी मागा. साठवलेल्या गोळ्याही, म्हणजे औषधाच्या, आपल्या ताब्यात घ्या.

एकटं सोडू नका, 14416 लावा, आणि अगदी त्याच क्षणी धोका असेल तर 112. पोलीस केस होईल म्हणून हॉस्पिटलला न्यायला घाबरू नका, 2017 च्या कायद्यात असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही.

१५. मीच थकलेय. मला कोण विचारणार?

बाई, तुमचा फोन आला हेच बरं झालं. टेली-मानसवर फक्त स्वतःसाठीही बोलता येतं, आणि ईसीएचएसमध्ये बायको डिपेंडंट असते म्हणजे तुमचाही इलाज त्यात होतो. आठवड्यातून एक दुपार भजनी मंडळ नाहीतर माहेर, आणि त्या वेळात घरी दीर नाहीतर मुलगा, हे ठरवून टाका. मुलांना वयाप्रमाणे खरं सांगा, "बाबांना आवाजाचा त्रास होतो, तुझ्यावर राग नाही." मुलं नाहीतर स्वतःचीच चूक शोधत बसतात.

१६. बीएसएफ-सीआरपीएफवाले आणि अग्निवीर यांचं काय?

त्रास तोच, कार्ड वेगळं. बीएसएफ, सीआरपीएफच्या पेन्शनरना ईसीएचएस नाही, सीजीएचएस (केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) बघा. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही, म्हणजे त्याच्यासाठी बाणगंगा आणि 14416. तो पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा असेल, घरचे त्याच्यासाठी स्थळं बघत असतील आणि तो गच्चीवर एकटा बसलेला असेल, तेव्हा लग्न लावलं की सुधारेल हा उपाय करू नका, दोन माणसांचं वाटोळं होतं.

१७. आजोबा ऐंशीच्या घरात, 1971 ला होते. आता रात्री उठून "ब्लॅकआउट करा, लाइट घालवा" म्हणतात. हा पीटीएसडी आहे की विसरभोळेपणा?

दोन्ही असू शकतं, आणि तिसरंही. डिमेन्शियात अलीकडचं पुसलं जातं आणि जुनं वर येतं, त्यामुळे दाबलेली लढाई या वयात परत जागी होते. पण हे दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालं असेल तर आधी लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, नवीन सुरू झालेली गोळी, ऐकू न येणं हे तपासून घ्या, बऱ्याचदा तिथेच सापडतं. वाद घालू नका की युद्ध संपलं, बांगलादेश झाला वगैरे. मोठा लाइट घालवा, पॅसेजमध्ये छोटा नाइट लॅम्प राहू द्या, "लाइट घालवला साहेब, मी पहाऱ्यावर आहे" म्हणा आणि शेजारी बसा. डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, होमिओपॅथीच्या आणि शेजाऱ्याने दिलेल्या झोपेच्या धरून.